पहिल्या रांगेचा हट्ट आणि दोन दिवस वाजणारे कान

पत्राचा सारांश: साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ३९ वर्षांच्या ताईंचं हे पत्र. अकरावीपासून त्यांना रॉक आणि हेवी मेटलचं वेड. लग्न, नोकरी, मूल यांत कॉन्सर्टला जाणं सुटलं होतं. गेल्या वर्षी कॉलेजच्या दोन मैत्रिणींबरोबर त्या मुंबईतल्या एका मोठ्या कार्यक्रमाला गेल्या. दुपारपासून रांग लावून बॅरिकेडला खेटून उभ्या राहिल्या आणि शेवटच्या गाण्यापर्यंत हलल्या नाहीत. नंतर दोन दिवस कानात शीळ वाजत राहिली. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांचं बोलणं उमजेना. तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत झालं. आता त्यांचा लाडका बँड पुन्हा भारतात येतोय, पण या वेळी सोबत कोणी नाही. नवऱ्याला हे संगीत आवडत नाही, त्याचा विरोधही नाही. सासूबाई म्हणतात, ‘या वयात, एकटीनं, रात्रीची?’ आणि चाहत्यांच्या ग्रुपवर ऐकायला मिळतं, ‘कानात इअरप्लग घालून मागे उभं राहायचं असेल, तर घरी बसून व्हिडिओच बघ ना.’ तिकिटाच्या खर्चाचाही ओझरता उल्लेख आहे. ताई विचारतात: एकटीनं जाऊ का? पुन्हा तसंच पुढे उभं राहिलं तर कान जातील का? मागे राहून समाधान मिळेल का? की हे वेड सोडायचं वय झालं?

ताई,

सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करू या, कारण तो लगेच निकालात निघतो. रोलिंग स्टोन्स २००३ च्या एप्रिलमध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले तेव्हा मिक जॅगर ५९ वर्षांचे होते. २०२५ च्या मे महिन्यात महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेसचा कार्यक्रम झाला तेव्हा ॲक्सल रोझ ६३ चे होते. गाणाऱ्याला जे वय आड आलं नाही, ते ऐकणाऱ्याला का यावं? वयाचा मुद्दा इथेच सोडून देऊ. कानांचा मुद्दा मात्र सोडता येणार नाही, आणि पत्रात तुम्ही तो जरा घाईनं ओलांडला आहे.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. बँडवरची निष्ठा, पहिली रांग आणि उघडे कान या तीन वेगळ्या गोष्टी तुमच्या मनात एकमेकींना घट्ट बांधल्या गेल्या आहेत. त्यातली एक सोडली की बाकीच्या दोन्ही हातच्या जातील, असं तुम्हाला वाटतंय. म्हणूनच ‘जाऊ की नको’ असा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहिला. गाठ सोडवून बघा. जायचं तर आहेच. कुठे उभं राहायचं आणि कानात काय घालून, एवढंच ठरवायचं उरतं.

आधी पहिल्या रांगेचं बघू. बॅरिकेडपाशी कलाकार जवळून दिसतात, त्यांच्या बोटांची हालचाल दिसते, गायकाची नजर आपल्यावर पडल्याचा भास होतो. हे सुख खरंच मोठं आहे, ते कमी लेखण्याचं कारण नाही. पण आवाज तिथे सगळ्यात चांगला असतो हा समज चुकीचा आहे. स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेल्या स्पीकरच्या लांब माळा मैदानभर आवाज पोचवण्यासाठी रोखलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या काही रांगांच्या डोक्यावरून तो आवाज निघून जातो. पुढच्या लोकांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात. त्यातून शब्द थोडेफार कळतात, पण त्यावर समोरच्या ड्रमचा, गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आणि कलाकारांना स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरचा थेट आवाज कोसळत असतो. भरीला सबवूफर, म्हणजे खालच्या पट्टीचा घुमणारा आवाज देणारे मोठे स्पीकर, बहुतेक वेळा स्टेजच्या पायथ्याशी, म्हणजे बॅरिकेडपासून दोन-तीन पावलांवर असतात. म्हणून तिथे बास छातीत धडधडतो आणि गायकाचे शब्द व दुसरी गिटार त्यात बुडून जातात. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमातलं तुमच्या आवडत्या गाण्याचं सोलो आठवून बघा. ते तुम्हाला सुटं, स्वच्छ ऐकू आलं होतं का?

बँडला त्या रात्री जे ऐकवायचं असतं ते साउंड इंजिनिअरच्या मिक्सरपाशी घडतं. मैदानाच्या मध्यभागी, स्टेजपासून साधारण ३० ते ५० मीटरवर एक कुंपण घातलेला तंबू असतो. इंजिनिअर तिथे उभा राहून, स्वतःच्या कानानं ऐकत प्रत्येक वाद्य कमी-जास्त करतो. त्या तंबूच्या आसपास जे ऐकू येतं तेच त्या कार्यक्रमाचं खरं मिश्रण. तंबूच्या अगदी मागे उभं राहू नका, तो दृष्टीच्या आड येतो. कुंपणाच्या पुढच्या बाजूला पाठ टेकवून उभं राहा किंवा डाव्या-उजव्या कोपऱ्याला एक-दोन मीटर सरकून. पुढच्या बाजूच्या जागेचा आणखी एक फायदा असा की पाठीमागे कुंपण असल्यानं मागून रेटा येत नाही. उंची बेताची असेल तर कोपऱ्याची जागा धरा, कारण मिक्सरकडे ये-जा करायला ठेवलेली वाट बऱ्याचदा तिथून पुढे जाते आणि त्या पट्ट्यात समोर डोकी कमी असतात.

याहून मागे गेलात तर एक फसगत होते. मोठ्या मैदानात मागच्या लोकांसाठी आणखी स्पीकरचे मनोरे उभारतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगानं जातो, म्हणजे १०० मीटरवर तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो. मनोऱ्यांतून तो तेवढाच थांबवून सोडतात, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळून जातो. पण ‘मागे शांत असेल’ म्हणून लोक नेमके या मनोऱ्याच्या पायाशी बसतात आणि पुढच्या रांगेइतकाच मारा सोसतात. मनोऱ्यापासून निदान १५-२० मीटर दूर राहा.

आता कान. दोन दिवस शीळ वाजणं आणि बोलणं दबून येणं हे दोन्ही मिळून एकच सांगतात: आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मार खाऊन थकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ऐकू येऊ लागलं म्हणून तुम्ही ‘सगळं पूर्ववत’ लिहिलंत. एवढं निश्चिंत राहू नका. प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलंय की चाचणीत ऐकणं पूर्ववत आलं, तरी केसपेशी आणि श्रवणतंतू यांच्या जोडांची इजा मागे राहू शकते. गलक्यात एकाचं बोलणं वेगळं काढायला आपल्याला हेच जोड लागतात, आणि तुमचं तर रोजचं काम भरलेल्या वर्गात आहे. मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आकडे बघा. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेनं कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाला ८ तासांची आहे. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. रॉक कॉन्सर्टमध्ये १०० डेसिबल ही नवलाची गोष्ट नाही. सुरुवातीचा बँड आणि मुख्य बँड मिळून अडीच तास धरले, तर एका संध्याकाळी तुमचे कान दहा दिवसांची मर्यादा संपवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जे निकष दिले, त्यांत १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, लोकांना इअरप्लग मिळावेत आणि कान शांत करायला वेगळी जागा असावी, असं म्हटलंय. हे सगळं आयोजक पुरवतील याची वाट मात्र पाहू नका.

ग्रुपवर तुम्हाला टोमणे मारणाऱ्यांना एवढं जरूर सांगा. एसी/डीसीचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये डॉक्टरांनी बजावलं की दौरे थांबवले नाहीत तर ऐकू येणं पूर्ण जाईल. त्यांना दौरा अर्धवट सोडावा लागला आणि उरलेले कार्यक्रम ॲक्सल रोझ यांनी गाऊन पुरे केले. द हू या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड आपल्या अधू झालेल्या कानांबद्दल आणि कायमच्या शिळेबद्दल अनेक वर्षं उघडपणे बोलत आले आहेत. आज स्टेजवरचे बरेच कलाकार कानाच्या मापानं बेतून घेतलेले छोटे मॉनिटर कानात घालून वाजवतात, म्हणजे त्यांचेही कान झाकलेलेच असतात. मग समोरच्या चाहत्यानं उघड्या कानांनी निष्ठा सिद्ध करायची, ही अपेक्षा आली कुठून?

इअरप्लगनं मजा जाते ही तक्रार अगदीच खोटी नाही. चुकीचे घेतले आणि चुकीचे घातले तर जातेच. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग स्वस्त असतात आणि भरपूर आवाज अडवतात, पण वरच्या पट्टीचा आवाज जास्त खातात. सिंबल आणि गायकाचे स, श हरवतात, सगळं रजईखालून ऐकल्यासारखं लागतं. संगीतासाठीचे फिल्टर असलेले प्लग वेगळे असतात: मऊ सिलिकॉनच्या दोन-तीन चकत्या आणि मधोमध बारीक फिल्टर. ते सगळ्या पट्ट्या जवळजवळ सारख्या, साधारण १५ ते २० डेसिबलनं उतरवतात. गाणं तेच राहतं, फक्त हळू होतं. बरे प्लग दीड ते साडेतीन हजार रुपयांत मिळतात आणि धुऊन कित्येक वेळा वापरता येतात. कापसाचे बोळे विसरून जा, त्यांनी जवळजवळ काहीच अडत नाही.

घालण्याची रीत महत्त्वाची. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग उजव्या हातानं प्लग आत सरकवा. फोमचा असेल तर आधी बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली वात करा आणि आत गेल्यावर फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. बहुतेक लोक इथेच चुकतात: लगेच बोट काढतात, प्लग निम्मा बाहेर फुगतो आणि संरक्षण नावापुरतं उरतं. बसला की नाही हे बघायला गाणं चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट धरा. आवाज आणखी खूप कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘हे एक गाणं उघड्या कानांनी’. १०० डेसिबलला १५ मिनिटांत दिवसाची मर्यादा संपते, म्हणजे दोन-तीन गाण्यांत बाकी सगळ्या वेळचा फायदा वाया. पहिला बँड सुरू होण्याआधी घाला आणि शेवटचा सूर थांबल्यावर काढा. सुरुवातीची दहा मिनिटं आवाज दबलेला वाटेल, मग कान त्याला सरावतात. म्हणूनच पहिल्यांदा थेट कॉन्सर्टमध्ये घालू नका. आठवडाभर आधी घरी, स्पीकरवर तुमचाच आवडता अल्बम लावून, प्लग घालून ऐका.

त्याआधी एक काम या महिन्यातच करा. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. मोठ्या आवाजाच्या माऱ्याची खूण बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास, आलेखातल्या खळग्याच्या रूपात दिसते. तो खळगा आत्ताच असेल तर पुढची रांग विसरायची, यावर वाद नको. नसेल तर हा कागद जपून ठेवा, पुढच्या तपासण्या त्याच्याशी ताडून बघता येतील. चाचणीच्या आदल्या दिवशी लाउडस्पीकर, मिक्सर-ग्राइंडर, हेडफोन यांपासून लांब राहा. आणि कधीही एका कानानं अचानक ऐकू येणं कमी झालं, तर ‘दडे बसलेत, सुटतील’ म्हणून थांबू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध मिळालं तर कान वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते.

एवढं वाचूनही तुम्हाला या बँडसाठी पुढेच उभं राहायचं असेल, तर तोही पर्याय आहे. मात्र प्लग शेवटपर्यंत कानात हवेत, आणि मधोमध उभं न राहता एका कडेला उभं राहा. मध्यावर दोन्हीकडच्या सबवूफरचा आवाज एकत्र येऊन बास सगळ्यात जड होतो आणि मागून येणारा रेटाही तिथेच जास्त असतो. मात्र टांगलेल्या स्पीकरच्या थेट खाली जाऊ नका. गर्दीची खूण ओळखायला शिका: हात छातीपासून वर उचलता येत नाहीत, किंवा आपण न हलता गर्दी आपल्याला हलवतेय, असं झालं की निघायची वेळ झाली. दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखा, रेट्याच्या विरुद्ध जोर लावू नका. लाट ओसरली की तिरकं, बाजूला सरका. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डे महोत्सवात २००० साली पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात स्टेजसमोरच्या चेंगराचेंगरीत ९ तरुण गेले. हे सगळे चाहतेच होते. मोश पिटच्या, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना धडकत नाचणाऱ्यांच्या घोळक्याच्या, कडेला असाल तर पाठीवर सॅक नको, लेसचे बंद बूट हवेत, आणि कोणी पडलं तर आधी त्याला उचलायचं. हा त्या पिटचा स्वतःचाच नियम आहे, जगभर पाळला जाणारा.

आता एकटीनं जाण्याचं. कॉन्सर्टला एकटी जाणारी तुम्ही जगावेगळ्या नाही; मैदानात असे पुष्कळजण असतात. एकटं असण्याचा फायदाही आहे: जागा बदलायला, लवकर निघायला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. सासूबाईंच्या वाक्यातलं ‘या वयात’ बाजूला ठेवा, पण ‘रात्रीची’ हा शब्द गंभीरपणे घ्या. ती काळजी रास्त आहे आणि तिला वाद घालून उत्तर मिळत नाही, योजना दाखवून मिळतं.

आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाहीत. राज्य सरकार वर्षातले मोजकेच दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. म्हणून मोठे कार्यक्रम १० च्या सुमाराला संपतात आणि मुख्य बँड आठच्या आसपास सुरू होतो. रात्री नऊला पोचलात तर निम्मा कार्यक्रम हुकेल. जाताना कोल्हापूरहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, सकाळी मुंबईत सोडते. परतीची मात्र उपयोगाची नाही. बँड रंगात आलेला असतानाच ती मुंबईहून सुटते. त्यामुळे मुक्काम धरूनच चला. रेसकोर्सवर कार्यक्रम असेल तर पश्चिम रेल्वेचं महालक्ष्मी स्टेशन चालत गाठता येतं, म्हणून दादरच्या आसपास खोली घ्या. डी. वाय. पाटील स्टेडियम असेल तर हार्बर लाइनवरचं नेरूळ जवळ, खोली वाशी किंवा नेरूळला. कार्यक्रम संपताच स्टेशनकडे धावू नका, हजारो लोक तेच करतात. अर्धा-पाऊण तास मैदानाच्या आसपासच, उजेडात, माणसांत थांबा. मग महिलांच्या डब्यातून जा. टॅक्सीच हवी असेल तर एक किलोमीटर मुख्य रस्त्यानं चालून मग बोलवा. गेटसमोर गाडी येत नाही आणि भाडं दुप्पट-तिप्पट दिसतं.

गर्दीत फोनचं नेटवर्क बसतं. तिकीट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. काही तिकिटांचा कोड ठरावीक वेळानं बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही, तेव्हा सूचना आधी वाचा. यूपीआय अडकलं तर पाचशे-सातशे रुपये रोख जवळ हवेत. पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि मोठी पिशवी बहुतेक ठिकाणी गेटवर ठेवून घेतात. नवऱ्याला निरोपाच्या तीन वेळा ठरवून सांगा: ‘साडेसातला मेसेज येईल, सव्वादहाला येईल, खोलीवर पोचल्यावर फोन येईल. मधे फोन लागला नाही तर घाबरू नका.’ हे सगळं कागदावर लिहून, हॉटेलचा नंबर घालून सासूबाईंच्या हातात द्या. स्वच्छतागृहात जायचं ते सुरुवातीच्या बँडच्या शेवटच्या दोन गाण्यांत; दोन बँडच्या मधल्या वेळात रांग सगळ्यात लांब असते.

परतीच्या प्रवासात हेडफोन लावू नका. सोळा-अठरा तास तरी कानांना शांतता द्या आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा टाका. तुमचा घसाही तुमच्या पोटापाण्याचा आहे; दोन तास ओरडून गायलात तर सोमवारी वर्गात आवाज फुटणार नाही.

पैशांचं पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय. स्टेजलगतच्या खास कुंपणाचं तिकीट साध्या उभ्या तिकिटाच्या कितीतरी पट असतं, आणि मिक्सरपाशी उभं राहायचं ठरवलंत तर त्याची गरज नाही. मात्र पुढचं खास कुंपण फार मोठं असेल तर मिक्सरची जागा त्याच्या आत जाते, म्हणून खरेदीआधी मैदानाचा नकाशा बघा. तिकीट अधिकृत विक्रीतूनच घ्या. कोल्डप्लेच्या २०२५ मधल्या नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटं हातोहात संपली आणि मग तीच कित्येक पट भावानं फिरत होती; अशा तिकिटाचा कोड गेटवर चालेलच याची हमी कोणी देत नाही. साधं तिकीट घेऊन जे पैसे वाचतील त्यांत ऑडिओमेट्री, चांगले इअरप्लग आणि स्टेशनजवळची बरी खोली हे तिन्ही बहुधा बसतील. तिकीट निघालं की खोली त्याच दिवशी घ्या, कारण कार्यक्रमाची तारीख जाहीर झाली की त्या भागातले दर चढत जातात.